जिन घालण्याआधी सरबत जमू द्या

माझ्या सासूबाई दारूच्या वाटेला जात नाहीत, पण आमच्या घरातलं जिन-लिंबाचं पेय सुधारलं ते त्यांच्यामुळे.

मे महिन्यातली गोष्ट. धाकटे दीर आणि जाऊ पार्ल्याला आमच्याकडे राहायला आले होते. नवऱ्याने उत्साहाने चार ग्लास मांडले. प्रत्येकात अंदाजाने जिन, अर्धं लिंबू, एक चमचा साखर, बर्फाचे दोन खडे, आणि चमच्याने खळखळ. पहिला घोट घसा जाळणारा आंबट, मधले दोन बरे, आणि शेवटी कोमट गोडमिट्ट पाणी, तळाला न विरघळलेल्या साखरेचा थर. दीर म्हणाले, "दादा, मस्त झालंय," आणि ग्लास खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. सासूबाईंना त्याच सामानाचं जिन न घातलेलं सरबत दिलं होतं. त्यांनी एक घोट घेतला. "अगं, साखर तशीच आहे. आणि मीठ कुठाय?"

जिनबद्दल कोणीच काही बोललं नव्हतं. बिघडलेलं होतं सरबत, आणि ते सगळ्यात आधी कळलं जिन न पिणाऱ्या बाईला. तेव्हापासून मी या पेयाकडे सरबत म्हणूनच बघते. आंबट, गोड, गार आणि पाणी या चार गोष्टी नीट बसल्या की जिन आपलं काम करते. त्या बसल्या नाहीत, तर चार हजारांची बाटली आणूनही उपयोग नाही.

या पेयाचं इंग्रजी नाव गिमलेट. गिमलेट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं छोटं हत्यार, आपल्याकडचे सुतार त्यालाच गिरमिट म्हणतात. नाव का पडलं याच्या दोन कथा आहेत. एक म्हणजे पेय गिरमिटासारखं आत घुसतं. दुसरी म्हणजे ब्रिटिश नौदलात थॉमस गिमलेट नावाचे एक डॉक्टर होते, त्यांनी अधिकाऱ्यांना लिंबाचा रस पोटात जावा म्हणून तो जिनमध्ये घालून द्यायला सुरुवात केली. मला पहिली कथा जास्त पटते, कारण आमच्या त्या मे महिन्यातल्या पेयाने तेच केलं होतं.

लिंबू मात्र जहाजावर खरोखरच औषध म्हणून होतं. महिनोन्महिने ताजी भाजी-फळं न मिळालेल्या खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. हिरड्या सुजायच्या, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. जेम्स लिंड या डॉक्टरने १७४७ मध्ये जहाजावरच्या बारा रुग्णांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं खाणारी जोडी सगळ्यात लवकर बरी झाली. पुढे प्रश्न आला रस टिकवायचा. तो दारू घालून टिकवत. १८६७ मध्ये लॉकलन रोझ या स्कॉटिश व्यापाऱ्याने दारूऐवजी साखर घालून रस टिकवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये व्यापारी जहाजांवर लिंबाचा रस ठेवणं कायद्याने सक्तीचं झालं. हा गोड केलेला रस म्हणजे लाइम कॉर्डियल. जुन्या गिमलेटमध्ये ताजं लिंबू नव्हतंच, जिन आणि बाटलीतलं कॉर्डियल एवढंच. आपल्या जिमखान्यांत आणि लष्करी मेसमध्ये अजूनही बरेचदा तसंच देतात.

आपल्याला तसं करायची गरज नाही. स्कॉटलंडमध्ये लिंबू उगवत नव्हतं, आपल्याकडे भाजीवाला ते मिरच्या-कोथिंबिरीबरोबर देतो.

आता बाटलीत काय असतं ते बघू. जिन म्हणजे धान्यापासून किंवा उसाच्या मळीपासून काढलेलं जवळजवळ बिनचवीचं मद्य, ज्याला मसाल्यांचा वास दिलेला असतो. व्होडका तिथेच थांबते, जिन पुढे जाते. मसाल्यांत मुख्य असतं जुनिपरचं फळ. आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात, काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर म्हणून मागितलं तर मिळतं. काळसर, मिऱ्यापेक्षा मोठं. बोटात चुरडलं की देवदाराच्या लाकडासारखा वास येतो. जिन हा शब्दच जुनिपरच्या डच नावावरून आलाय. त्याच्या खालोखाल मान धण्यांचा. मग कंपनी जे घालेल ते: ज्येष्ठमध, दालचिनीची भावकी, वेलची, कंकोळ, संत्र्या-लिंबाची साल. म्हणजे नाव परदेशी असलं तरी निम्मा ऐवज आपल्या गोड्या मसाल्याच्या डब्यातला.

जिनला लिंबू का चालतं, याचं उत्तर याच यादीत आहे. जुनिपर, धणे आणि लिंबाची साल यांच्या तेलांत एकाच कुळातली सुगंधी द्रव्यं असतात. म्हणून लिंबू जिनवर कुरघोडी करत नाही, तिचाच वास पुढे आणतं. तेच लिंबू धुरकट व्हिस्कीत घातलं तर भांडण होतं, निदान माझ्या जिभेवर तरी.

कोणती जिन घ्यावी? लिंबू-साखर घालणार असाल तर मधल्या किमतीची कुठलीही, जिच्या लेबलावर 'लंडन ड्राय' लिहिलंय. ड्राय म्हणजे मागाहून साखर घातलेली नाही. लंडन हे शैलीचं नाव आहे, ती कुठेही बनू शकते. नावावरून गाव ओळखायला जाऊ नये हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. 'बॉम्बे सफायर' मुंबईत बनत नाही, इंग्लंडमध्ये बनते. नाव 'स्टार ऑफ बॉम्बे' या नीलमावरून घेतलंय, आणि तो नीलम श्रीलंकेचा, ठेवलाय वॉशिंग्टनच्या संग्रहालयात. आपल्याकडे २०१७ पासून गोव्यात चांगल्या जिन निघू लागल्या. 'ग्रेटर दॅन' त्यातली सुरुवातीची. 'हपुसा' तर हिमालयातल्या जुनिपरची, नावच संस्कृतातून घेतलेलं. गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वगैरे जिन या पेयासाठी घेऊ नयेत. त्यात आधीच गोडवा असतो आणि आपलं साखरेचं गणित कोसळतं.

भारतात बनलेल्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के असं लिहिलेलं दिसतं. हा विचित्र आकडा जुन्या ब्रिटिश मोजणीतून आलाय. त्या मोजणीत ५७.१ टक्के मद्यार्क म्हणजे १०० प्रूफ. त्याच्या ७५ टक्के केले की ४२.८. आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लिंबाकडे येऊ. इंग्रजी पाककृती वाचताना बहुतेकांचा पाय इथे घसरतो. 'लेमन' म्हणजे जाड सालीचं, मोठं, लांबट पिवळं फळ, सुपरमार्केटात स्टिकर लावून मिळतं ते. 'लाइम' म्हणजे आपलं कागदी लिंबू. आपलं लिंबूही पिकलं की पिवळं होतं, त्यामुळे रंगावर जाऊ नका, आकार आणि साल बघा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली साई शरबती ही जात आपल्याकडे बरीच लावतात, पातळ सालीची आणि रसाळ. बाजारात जात विचारून लिंबू कोणी देणार नाही, पण हातात घेतल्यावर जड लागेल आणि बोटाने दाबल्यावर थोडं दबेल असं उचलायचं. गडद हिरवं, कडक आणि खडबडीत असेल तर रस निघणार नाही.

उन्हाळ्यात लिंबू का महागतं, हाही प्रश्न दर वर्षी पडतो. उन्हाळ्यातलं फळ हस्त बहाराचं, म्हणजे पावसाळा संपता संपता झाडाला फूल यावं लागतं. त्यासाठी झाडाला पाण्याचा ताण बसायला हवा. आधीच पाऊस पडून जमीन ओली, ताण बसणार कसा? त्यामुळे तो बहार धरणं अवघड, आणि सरबताच्या दिवसांतच लिंबाची टंचाई. गिमलेट प्यायचं असेल तर पावसाळ्यात प्या. स्वस्त पडतं आणि खिडकीबाहेर बघायलाही काहीतरी असतं.

मध्यम लिंबातून १५ ते २० मिली रस निघतो. पिळण्याआधी लिंबू ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवायचं. पिळताना शेवटचा थेंब काढायचा हट्ट नको, कारण सालीच्या आतला पांढरा भाग आणि बिया चेंगरल्या की कडूपणा उतरतो. लोणच्यात तो मुरतो, इथे मुरायला वेळच नाही. रस गाळून घ्या आणि त्याच दिवशी वापरा. सकाळी काढलेला रस संध्याकाळपर्यंत आंबट राहतो, पण त्याचा तजेला गेलेला असतो. बाटलीत मिळणारा टिकाऊ रस वरणात पिळायला ठीक असेल, इथे नको. आणि एक सांगायचं राहिलं: दुपारी गच्चीत किंवा समुद्रावर बसून लिंबं पिळू नका. कागदी लिंबाच्या सालीतलं तेल कातडीवर राहिलं आणि वर कडक ऊन लागलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात, ते आठवडेच्या आठवडे जात नाहीत. हात साबणाने धुवा, मग उन्हात जा.

साखर सरळ ग्लासात घालायची नाही. गार पाण्यात ती आधीच सावकाश विरघळते, मद्यात त्याहून सावकाश. आमच्या ग्लासाच्या तळाशी बसली होती ती यामुळेच. पाक करायचा. पण हा पाक श्रीखंडाच्या वड्यांचा नव्हे, एकतारीसुद्धा नको. २०० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळायचं आणि गॅस बंद. उकळू दिलं तर पाणी उडतं, पाक दाट होतो आणि माप चुकतं. गार करून स्वच्छ बाटलीत भरला की फ्रीजमध्ये तीनेक आठवडे टिकतो. गढूळ दिसला की फेकायचा. असा २० मिली पाक म्हणजे साधारण १२ ग्रॅम साखर, चहाचे अडीच-तीन चमचे. ऐकायला जास्त वाटतं, पण तेवढ्याच लिंबाच्या रसात एक ग्रॅमहून जास्त आम्ल असतं आणि ते साखरेला पुरून उरतं. शिवाय गार पदार्थात जिभेला गोडी कमी जाणवते. वितळलेलं आइस्क्रीम चाटून बघा, किती गोड लागतं ते. म्हणून बर्फाआधी चाखलेलं मिश्रण किंचित जास्त गोड लागलं तर घाबरायचं नाही.

आणि मीठ. सासूबाईंचं बरोबर होतं. लिंबाच्या सरबतात चिमूटभर मीठ आपण पिढ्यान्‌पिढ्या घालतोय, खारट करायला नव्हे. मीठ कडूपणा दाबतं, आणि कडूपणा दबला की लिंबाचा वास आणि गोडी दोन्ही उठून दिसतात. मोठ्या बारमधले लोक हल्ली मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकतात आणि त्याचं फार कौतुक होतं. आपण चिमटीच्या टोकावर मावेल तेवढं टाकायचं. मीठ लागलं असं कळलं, तर ते जास्त झालंय.

तर माप असं: ६० मिली जिन, २० मिली लिंबाचा रस, २० मिली पाक, मिठाचे चार कण. मोजायला बारवाल्यांचं जिगर, म्हणजे मापाचा छोटा पेला, हवंच असं नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं झाकण धुऊन घेतलं की झालं. अंदाजाने ओतू नका. पोह्यांत मीठ अंदाजाने पडतं ते वीस वर्षांच्या हातामुळे. पाच मिली रस इकडे-तिकडे झाला की हे पेय कळण्याइतकं बदलतं.

आता बर्फ. खरी गंमत इथे आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच.

बहुतेकांना वाटतं की बर्फ जास्त घातला की पेय पातळ होतं. उलट आहे. बर्फाचे दोन खडे असले तर ते सगळं गार करता करता स्वतः संपतात, पाणी होतं, आणि पेय पुरेसं गार तर झालेलंच नसतं. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला तर तेवढीच उष्णता ओढायची असते, पण ओढणारे पुष्कळ असतात. थोडा थोडा बर्फ सगळ्यांचा वितळतो, पेय लवकर गार होतं, आणि एकदा गार झालं की वितळणं मंदावतं. लोकलमध्ये चार जणांच्या सीटवर सामान एकाच्या मांडीवर दिलं तर तो वैतागतो, चौघांत वाटलं तर कोणाला जड होत नाही, तसं.

दुसरी गोष्ट: पेयात थोडं पाणी उतरायलाच हवं. ते नुकसान नाही, ती पाककृती आहे. हिशेब करून बघू. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो, म्हणजे ८० ग्रॅम पाणी एका अंशाने गार करेल इतकी. आपलं मिश्रण साधारण १०० ग्रॅम. मुंबईत ते खोलीत २८ अंशांवर असतं. ते उणे ५ पर्यंत न्यायचं म्हणजे ३३ अंश उतरायचे. मद्य पाण्यापेक्षा लवकर गार होतं, ते धरून साधारण ३,००० कॅलरी काढायच्या. भागिले ८०, म्हणजे पस्तीसेक ग्रॅम बर्फाचं पाणी होणार. गार करणं आणि पाणी उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. एक झाली की दुसरी होते.

आता मिश्रण झालं सुमारे १३५ मिली. त्यात मद्यार्क किती? ६० मिलीचे ४२.८ टक्के म्हणजे २५.७ मिली. १३५ मध्ये २५.७ म्हणजे १९ टक्के. या ताकदीला जिन घसा जाळत नाही आणि वास मोकळा होतो. पाणी न उतरता प्यालात तर तेच पेय जवळजवळ २६ टक्क्यांवर असतं आणि पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी येतं.

इथे कोणीतरी विचारेल, बर्फ शून्य अंशाला वितळतो, मग पेय उणे ५ ला कसं जाईल? जुन्या लाकडी पॉटमधलं आइस्क्रीम आठवा. बर्फात खडे मीठ टाकून हाताने दांडा फिरवायचे, दर थोड्या वेळाने पाणी काढून टाकायचे, आणि दमलं की पुढच्या मुलाचा नंबर. मीठ बर्फाचा गोठणबिंदू खाली आणतं, बर्फ शून्याखाली वितळू लागतो आणि वितळताना आसपासची उष्णता ओढून घेतो. पेय हलवायच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, म्हणजे शेकरमध्ये, मद्य आणि साखर तेच काम करतात. त्यात मिश्रण आणि भरपूर बर्फ घालून जोराने हलवलं की बारा-पंधरा सेकंदांत पेय शून्याच्या खाली जातं. त्याहून जास्त हलवून फारसं काही मिळत नाही, कारण गारपणा तोवर टोकाला आलेला असतो. डब्याला बाहेरून दव धरलं, मग पांढुरकं झालं, हात चिकटू लागला की थांबायचं. मुंबईच्या दमट हवेत दव पाचव्या सेकंदालाच धरतं, त्यावर जाऊ नका, पांढुरकेपणाची वाट बघा.

शेकर नसेल तर फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी किंवा मुलांची स्टीलची पाण्याची बाटली चालते. सोडा असलेलं काही त्यात हलवू नका, झाकण उडतं. आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर अजून त्याचा एक डाग आहे.

लोक नेहमी करतात तो एक घोटाळा सांगते. जिनची बाटली फ्रीजरमध्ये ठेवायची. ठेवायला हरकत नाही, घरगुती फ्रीजरच्या उणे १८ अंशांना ती गोठत नाही. पण मग ती आधीच इतकी गार असते की हलवताना बर्फ फारसा वितळत नाही. पेय गार होतं आणि पाणी पुरेसं उतरत नाही. सगळे म्हणतात, "आज फार स्ट्राँग झालंय." माप तेच असतं, फक्त पाणी पुरेसं आलेलं नसतं. फ्रीजरमधली जिन वापरायचीच असेल तर पंचवीसेक मिली गार पाणी मोजून घाला. नाहीतर बाटली कपाटातच ठेवा आणि ग्लास फ्रीजरमध्ये ठेवा, तो खरा उपयोगी.

बर्फ कसला, हेही बघा. मुंबईतल्या फ्रीजरमध्ये पापलेटं असतात, सोललेली कोलंबी असते, मागच्या रविवारचं वाटण असतं. उघड्या ट्रेमधला बर्फ हे सगळे वास पिऊन घेतो. जिनमध्ये कोलंबीचा वास आला तर दोष जिनचा नव्हे. ट्रे झाकणाचा घ्या, नाहीतर बर्फ झाला की काढून बंद डब्यात ठेवा. गिळगिळीत, अर्धवट वितळलेला बर्फ घेऊ नका, त्याच्यावरचं पाणी काही गार न करता फुकट ग्लासात शिरतं. बाहेरून आणणार असाल तर खाण्याचा म्हणून पॅकबंद मिळतो तोच आणा. २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम आणला, तो मासळी आणि बाकीची नाशवंत चीजवस्तू गार ठेवायच्या बर्फासाठी. निळा बर्फ ग्लासासाठी नाही.

बर्फाची ही चैन आपल्याकडे तशी अलीकडची. १८३३ मध्ये बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज तळ्यांतला कापलेला बर्फ घेऊन चार महिन्यांनी कलकत्त्याला लागलं. तो बर्फ वाटेत निम्म्याजवळ वितळला होता, तरी नफा झाला. मग मुंबईतही अमेरिकी बर्फ येऊ लागला आणि तो ठेवायला बर्फघर उभं राहिलं. आज रात्री अकरा वाजता दहा मिनिटांत दारात बर्फाची पिशवी येते, आणि आपण उशीर झाला म्हणून तक्रार करतो.

हलवून झालं की गाळायचं. शेकरच्या तोंडातून बर्फाचे बारीक तुकडे येतात, म्हणून खाली चहाची गाळणी धरायची. चहाच्या वासाची नको, वेगळी ठेवा. गार केलेल्या ग्लासात ओता, वर लिंबाची पातळ चकती. झालं. बर्फाशिवाय दिलं तर पंधरा मिनिटांत संपवायचं पेय आहे हे. गप्पा मारत रेंगाळायचं असेल तर ग्लासात नवा बर्फ भरून त्यावर ओता. शेकरमधला जुना बर्फ वापरू नका.

कॉर्डियलची चव आवडणाऱ्यांसाठी घरचा प्रकार असा. सहा लिंबांची फक्त वरची हिरवी साल बारीक किसा, पांढरा भाग येऊ देऊ नका. १५० ग्रॅम साखरेत ती बोटांनी चोळा आणि दोन-तीन तास झाकून ठेवा. साखर सालीतलं तेल ओढून घेते आणि ओलसर होते, सगळ्या घरात वास सुटतो. मग त्यात १५० मिली लिंबाचा रस घालून न तापवता विरघळवा आणि गाळा. याला आठ-दहा लिंबं लागतात. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकेल. ६० मिली जिनला हे २५ मिली आणि वर ५ मिली ताजा रस. साध्या पाकाच्या पेयापेक्षा हे जास्त गोल, सालीच्या वासाचं लागतं. मला स्वतःला हेच आवडतं, नवऱ्याला नाही. तो म्हणतो, भांडी घासायच्या साबणाचा वास येतो. साबणाने वास लिंबाचा चोरला, लिंबाने साबणाचा नाही, हे सांगून उपयोग होत नाही.

कायद्याचंही एक बोलायला हवं, कारण ते गमतीशीर आहे. मुंबईत आजही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. नाव बदलून आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा झालंय. त्यानुसार दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो, अगदी स्वतःच्या दिवाणखान्यातसुद्धा. परवाना ऑनलाइनही मिळतो. जिनसारख्या मद्यासाठी वय २५ पूर्ण हवं.

आणि हिशेबाचं. ६० मिली जिनमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्य असतं. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमला एक पेय मोजते, म्हणजे हे एक दिसणारं पेय दोन आहे. लिंबू-साखरेमुळे ते सरबतासारखं उतरतं आणि मोजणी चुकते. अर्ध्या मापाचं करा, ३०, १० आणि १०, तीच चव येते. गाडी चालवायची असेल तर तेही नको. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, आणि ती आपल्याला वाटते त्याहून बरीच लवकर गाठली जाते. औषधं चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी सरबत प्यावं, तेही याच मापाचं, वर सोडा घालून.

पाहुणे असतील तर प्रत्येकासाठी वेगळं हलवत बसू नका, यजमान स्वयंपाकघरात अडकतो आणि गप्पा दिवाणखान्यात होतात. सहा जणांसाठी तीनेक तास आधी लिटरच्या बाटलीत १२० मिली रस, १२० मिली पाक, २०० मिली पाणी आणि दोन चिमटी मीठ एकत्र करायचं. हे पाणी म्हणजे बर्फ वितळून येणार होतं तेच, आधीच मोजून घातलेलं. आता चाखा. हे सरबत आवडलं पाहिजे, जरा गडदच लागेल, पण आंबट आणि गोड एकमेकांना धरून असले पाहिजेत. नसतील तर इथेच दुरुस्त करा. सासूबाईंच्या पसंतीला उतरलं की त्यांच्यापुरतं वेगळं काढते, पाणी घालून देते, आणि मग उरलेल्यात माणशी ६० मिली जिन. दोन तास फ्रीजरमध्ये, त्याहून जास्त नाही, नाहीतर बाटलीत बर्फाच्या गोळ्याचा चुरा होतो. काढायची, एकदा हलवायची, सरळ ग्लासात ओतायची.

बाटलीवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत 'जिन' लिहायला विसरू नका. फ्रीजमधली लिंबाच्या रंगाची बाटली आपल्या घरात कोणीही न विचारता तोंडाला लावतं.